विश्लेषण : दुकानाची पाटी, फ्लेक्स, स्टिकर… छपाईला देण्याआधी काय पाहावे?

नवे दुकान, शिकवणी वर्ग, पोळी-भाजी केंद्र किंवा स्वतःचा टेम्पो. व्यवसाय कोणताही असो, सुरुवातीच्या खर्चात पाटीचा खर्च असतोच. पहिल्यांदा पाटी करून घेणारा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : ‘फुटाला किती?’ दर ठरतो, व्हॉट्सॲपवर लोगो पाठवला जातो आणि दोन दिवसांत पाटी लागते. पहिल्या उन्हाळ्यानंतर मात्र रंग उडतो, स्टिकरच्या कडा आखडतात किंवा नावातली चूक एखादे गिऱ्हाईक दाखवून देते. यातील बहुतेक नुकसान छपाईयंत्रामुळे होत नाही. चुकीचे साहित्य, अपुरी फाइल आणि न तपासलेला मजकूर यांमुळे होते. मराठी पाटी तर आता कायद्यानेही बंधनकारक आहे. पैसे देण्याआधी या क्षेत्रातील कोणत्या गोष्टी माहीत असाव्यात, त्याचा आढावा.

कोणत्या कामाला कोणते साहित्य?

पाटी कोठे लागणार, तिथे ऊन-पाऊस किती आणि ती किती दिवस टिकायला हवी, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर साहित्य ठरते.

फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टर धाग्यांच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड. उद्घाटन, सेल, वाढदिवस, उत्सव अशा थोड्या दिवसांच्या कामाला ते स्वस्त पडते. कायमच्या पाटीसाठी ते वापरले, तर वाऱ्याने सैल पडते आणि उन्हात कडक होऊन फाटते. आतून दिवे लावायच्या पाटीला प्रकाश आरपार जाऊ देणारा ‘बॅकलिट’ फ्लेक्स लागतो. साध्या फ्लेक्समागे दिवे लावले तर उजेड डागाडागांनी दिसतो.

सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीच्या फोमचा हलका तक्ता. त्यावर छापलेले विनाईल चिकटवतात. काउंटरमागची पाटी, दरपत्रक, कार्यालयातील सूचना अशा सावलीतल्या कामाला तो चांगला. उन्हात मोठा सनबोर्ड वाकतो. दुकानाच्या दर्शनी भागासाठी एसीपी अधिक टिकाऊ असते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा अशी तिची रचना असते. तिच्यावर ॲक्रिलिकची उठावाची अक्षरे बसवता येतात. खर्च वाढतो, मात्र पाटी वर्षानुवर्षे बदलावी लागत नाही.

विनाईल सगळे सारखेच असते का?

नाही. स्टिकर, काचेवरची अक्षरे, गाडीवरचे डिझाइन या सगळ्यांना बाजारात सरसकट ‘विनाईल’ म्हणतात. ते पीव्हीसीचेच असते, पण बनवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि टिकाऊपणातील फरक तिथेच पडतो.

‘कॅलेंडर्ड’ विनाईल तापलेल्या रोलरांमध्ये दाबून, पोळी लाटावी तसे पातळ केले जाते. लाटताना आलेला ताण त्यात राहतो. लाटलेली कणीक जशी मागे आखडते, तसे हे विनाईलही उन्हात हळूहळू आक्रसते. कडेला चिकट काळी रेघ दिसू लागते, ती याचमुळे. ‘कास्ट’ विनाईल घावनासारखे असते. पातळ द्रव पसरून तो भट्टीत पक्का करतात. त्यात ताण नसतो. त्याची जाडी साधारण ५० मायक्रॉन असते आणि गाडीच्या गोलाईवर ते नीट बसते.

सपाट काच, भिंतीवरची पाटी, काही महिन्यांची जाहिरात यांसाठी कॅलेंडर्ड पुरते. टेम्पो, व्हॅन, हेल्मेट अशा वळणदार पृष्ठभागासाठी कास्ट घ्यावे. छापलेले विनाईल बाहेर लागणार असेल तर त्यावर लॅमिनेशन हवे. त्याने शाई ओरखड्यांपासून आणि काही प्रमाणात अतिनील किरणांपासून वाचते. जुन्या फ्लेक्सवरचे चेहरे निळसर दिसतात, याचे कारण उन्हाने पिवळी आणि किरमिजी शाई आधी उडते, निळी आणि काळी अधिक काळ तग धरते. त्यामुळे लाल-पिवळ्या रंगाची पाटी दक्षिण किंवा पश्चिम दिशेच्या उन्हात लागणार असेल, तर लॅमिनेशनवर पैसे वाचवू नयेत.

‘रेडियम’ म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात गाडीवर अक्षरे कापून लावणाऱ्या दुकानाला ‘रेडियमवाला’ म्हणतात. या स्टिकरचा रेडियम या मूलद्रव्याशी काहीही संबंध नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियम असलेला रंग लावत, तो अंधारात चमके. ती आठवण शब्दात उरली असावी.

आजचे चमकणारे स्टिकर परावर्तक असते. त्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा लोलकासारखी रचना असते आणि समोरून आलेला प्रकाश ती आला त्याच दिशेने परत पाठवते. म्हणून गाडीच्या दिव्यात ते झळकते, पण दिवा नसेल तर अंधारात दिसत नाही. आणीबाणीच्या दरवाजाची खूण वीज गेल्यावरही दिसायला हवी असेल, तर प्रकाश साठवून नंतर चमकणारी वेगळी फिल्म मागावी लागते. दुकानात ‘रेडियम’ एवढेच सांगितले, तर यांपैकी काय मिळेल याची खात्री नसते.

व्हॉट्सॲपवरचा लोगो छापायला का चालत नाही?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते. समजा, लोगोची रुंदी १,००० पिक्सेल उरली आणि पाटी १० फूट, म्हणजे १२० इंच रुंद आहे. मग एका इंचाच्या वाट्याला जेमतेम ८ ठिपके येतात. हातात धरून वाचायच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. काही फुटांवरून पाहायच्या पाटीला प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० ठिपके चालतात. आठ ठिपक्यांत मात्र कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात.

यावर उपाय म्हणजे ‘व्हेक्टर’ फाइल. त्यात चित्र ठिपक्यांनी नव्हे, तर रेषांच्या गणिताने साठवलेले असते. त्यामुळे तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर आणि २० फुटी पाटीवर सारखाच रेखीव येतो. अक्षरे कापणाऱ्या यंत्राला तर व्हेक्टरच लागते. ज्याच्याकडून लोगो करून घेतला, त्याच्याकडून सीडीआर, एआय किंवा व्हेक्टर पीडीएफ पहिल्याच दिवशी मागून ठेवावी. पाठवताना ती फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने पाठवावी.

रंगाबाबतही असाच घोळ होतो. मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छपाई मुख्यतः निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांतून होते. पडद्यावरचा झगझगीत भगवा किंवा पोपटी या चार शायांत तसाच उतरत नाही, तो थोडा मळकट येतो. रंग नेमका हवा असेल तर फाइल ‘सीएमवायके’ पद्धतीत करून घ्यावी आणि त्याच साहित्यावर वीतभर नमुना छापून पाहावा. कापीव विनाईलमध्ये रंग साहित्याचाच असतो, त्यामुळे तिथे रंगांच्या तुकड्यांची वही पाहून निवड करता येते.

मराठी अक्षरे कापताना अडचण कोठे येते?

शिरोरेषेत. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा स्वतःचा तुकडा असतो. शब्द लिहिला की शेजारची अक्षरे एकमेकांवर किंचित चढतात आणि रेघ अखंड दिसते. छपाईत ती अखंडच येते. पण कापणाऱ्या प्लॉटरचे पाते रंग पाहत नाही, ते प्रत्येक आकाराच्या बाह्यरेषेवरून फिरते. त्यामुळे दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषा कापली जाते. ‘दुकान’ हा शब्द लावताना तुकडे हातात येतात आणि रेघ सरळ जुळत नाही.

म्हणून मजकुराचे आधी ‘कर्व्हज’मध्ये, म्हणजे रेषांच्या आकारात रूपांतर करावे लागते आणि मग ‘वेल्ड’ आज्ञेने अक्षरे एकसंध करावी लागतात. एकदा ती जुळली की शिरोरेषेचा फायदाच होतो, कारण पूर्ण शब्द एकाच पट्टीसारखा उचलला जातो. सुटे राहतात ते अनुस्वार आणि विसर्ग. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका काच पुसताना सर्वांत आधी निघतो आणि ‘मंगल’चे ‘मगल’ होते. बारीक मजकूर असेल तर कापीव अक्षरांऐवजी पारदर्शक विनाईलवर छपाई करून घेणे बरे.

दुसरी अडचण फॉन्टची आहे. मोबाइलवर टाइप केलेले मराठी युनिकोडमध्ये असते. अनेक छपाई केंद्रांत अजूनही जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरले जातात. त्यात हा मजकूर थेट उतरत नाही, म्हणून तो पुन्हा टाइप होतो आणि चुका तिथे शिरतात. ‘आशीर्वाद’चे ‘आर्शीवाद’, ‘हार्दिक’चे ‘हार्दीक’ होते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. अंतिम फाइल नेहमी ‘कर्व्हज’ करून घ्यावी, पण दुरुस्तीसाठी मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवावी. फॉन्ट निवडताना मराठीतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्यात आहे का, हेही पाहावे. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मोफत मिळतात.

अक्षर किती मोठे हवे?

पाटी करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : सहज वाचण्यासाठी दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर. रस्त्यापलीकडून, ५० फुटांवरून नाव वाचले जायला हवे असेल, तर अक्षराची उंची किमान ५ इंच हवी. हा हिशेब रोमन अक्षरांवरून आलेला आहे. मराठीत शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार येतो. त्यामुळे पाटीची उंची ठरवताना वर-खाली वेगळी जागा धरावी आणि ५ इंच हे मधल्या अक्षराचे माप समजावे. जोडाक्षरे फार असलेल्या नावाला आणखी मोठे अक्षर लागते.

मजकूर कमी ठेवणे हाही वाचनीयतेचाच भाग आहे. नाव, व्यवसाय आणि फोन क्रमांक एवढे रस्त्यावरून पुरते. १५ सेवांची यादी, देवाचा फोटो, मालकाचा फोटो आणि तीन मोबाइल क्रमांक एकाच पाटीवर आले, की नाव लहान होते. यादी दाराजवळच्या काचेवर लावता येते.

मराठी पाटीचा नियम काय सांगतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. तोपर्यंत दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने या सक्तीतून निसटत होती. दुरुस्तीनंतर लहान-मोठ्या सर्व दुकानांना आणि आस्थापनांना मराठी पाटी बंधनकारक झाली. नाव देवनागरी लिपीत, पाटीच्या सुरुवातीलाच असले पाहिजे. इतर भाषांतही नाव लिहिता येते, पण मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. मद्यविक्री किंवा मद्य पुरवणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यासही मनाई आहे.

व्यापाऱ्यांच्या संघटनेने या तरतुदीला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतील दुकानदारांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावण्यास सांगितले. नव्या व्यावसायिकासाठी याचा सरळ अर्थ असा, की इंग्रजी लोगोखाली बारीक मराठी ओळ टाकलेले डिझाइन छापून घेतले, तर ते दुसऱ्यांदा करावे लागू शकते. डिझाइनरला कामाच्या सुरुवातीलाच हा नियम सांगावा.

कोठे काय लावता येत नाही?

स्वतःच्या दुकानाचे नाव आणि जाहिरात या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात फलकाला महापालिकेचा परवाना लागतो. पुणे महापालिकेत यासाठी ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ आहे. पाटीवर कंपनीची जाहिरात असेल किंवा ती इमारतीबाहेर येत असेल, तर काम सुरू करण्याआधी पालिकेत चौकशी करावी. गृहनिर्माण संस्थेच्या भिंतीवर लावायची असल्यास संस्थेची लेखी परवानगी घ्यावी. झाडे, विजेचे खांब, सार्वजनिक भिंती यांवर पोस्टर-स्टिकर लावल्यास महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. लहान पाटीचा सांगाडाही वाऱ्याचा जोर सोसेल असाच हवा, हे त्या दुर्घटनेनंतर वेगळे सांगायला नको.

वाहनांच्या नंबर प्लेटवर कोणतेही स्टिकर किंवा नक्षीदार अक्षरे चालत नाहीत. आकडे ‘दादा’, ‘राम’ असे वाचले जातील अशी पाटी बनवून देण्याची मागणी आली, तरी नव्या व्यावसायिकाने ती नाकारावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांनाही राज्यात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक करण्यात आली आहे. निवडणुकीची पत्रके आणि भित्तिपत्रके छापताना त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम १२७-क नुसार सक्तीचे आहे.

टी-शर्ट आणि मगवर छपाई कशी होते?

गणेश मंडळे, गोविंदा पथके, ढोल-ताशा पथके यांच्या ऑर्डरींवर अनेक घरगुती छपाई व्यवसाय सुरू होतात. इथे कापड पाहून पद्धत ठरते. ‘सब्लिमेशन’मध्ये उष्णतेने शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. त्यासाठी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान लागते. हाताला छपाई जाणवत नाही आणि ती धुऊन जात नाही. मात्र सुती कापडावर ती टिकत नाही आणि या पद्धतीत पांढरी शाई नसल्याने गडद कापडावर उठत नाही. मगवरही हीच पद्धत वापरतात, म्हणून मगवर पॉलिस्टरचा लेप असावा लागतो.

सुती टी-शर्ट मोठ्या संख्येने आणि एक-दोन रंगांत करायचे असतील तर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडते. प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट करावी लागते, त्यामुळे दहा-बारा नगांना ते परवडत नाही. थोडे नग, अनेक रंग किंवा गडद कापड असेल तर ‘डीटीएफ’ सोयीचे. त्यात चित्र आधी फिल्मवर छापून, चिकट पावडर लावून, मग गरम दाबाने कापडावर उतरवतात. प्रसिद्ध कंपन्यांचे किंवा क्रिकेट संघांचे बोधचिन्ह परवानगीशिवाय छापून विकणे हा व्यापारचिन्हाचा भंग ठरतो.

घरी स्टिकर लावताना काय सांभाळावे?

पृष्ठभाग कोरडा आणि तेलकटपणा नसलेला हवा. नव्याने रंगवलेल्या भिंतीला वाळायला काही आठवडे द्यावेत, नाहीतर स्टिकरखाली फुगे येतात. चुना लावलेल्या, खडबडीत किंवा ओल आलेल्या भिंतीवर विनाईल धरत नाही. भर दुपारी तापलेल्या काचेवर ते एकदम चिकटते आणि सरकवता येत नाही, म्हणून सकाळची वेळ निवडावी. काचेवर भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घातलेले पाणी फवारले, तर स्टिकर जागेवर सरकवता येते. मग मध्यापासून कडेकडे पट्टीने पाणी काढावे. जुने स्टिकर हेअर ड्रायरने गरम केल्यावर अलगद निघते.

घरी यंत्र घेणाऱ्यांसाठी एक इशारा : पीव्हीसीचे विनाईल किंवा सनबोर्ड लेझर कटरवर कधीही कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. तो श्वसनमार्गाला इजा करतो आणि यंत्रही गंजवतो. विनाईलला पात्याचा प्लॉटरच लागतो. जुना फ्लेक्स जाळण्यातही हाच धोका आहे.

ऑर्डर देताना काय विचारावे?

दर बहुधा चौरस फुटाचा असतो. ८ फूट बाय ३ फुटांची पाटी म्हणजे २४ चौरस फूट. पण त्या दरात सांगाडा, लॅमिनेशन, डिझाइन, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी धरली आहे का, हे वेगळे विचारावे. दोन दुकानांचे दर सारखे वाटले, तरी एकाचे साहित्य पातळ असू शकते. फ्लेक्सचे वजन ‘जीएसएम’मध्ये, विनाईलचा प्रकार आणि कंपनी, सनबोर्डची जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून घ्यावी.

छापण्याआधी अंतिम नमुना पीडीएफमध्ये मागवावा आणि तो डिझाइनर सोडून दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचावा. नाव, वेलांट्या, पत्ता तपासावा. फोन क्रमांक तर प्रत्यक्ष लावूनच पाहावा. क्यूआर कोड असेल तर तो नमुन्यावरून स्कॅन करून पैसे योग्य खात्यात जातात का, हेही पाहावे. ‘छापायला हरकत नाही’ असा निरोप लेखी गेल्यावर राहिलेल्या चुकीचा खर्च ग्राहकाच्याच माथी येतो. पाटी लागल्यानंतर व्हेक्टर फाइल, फॉन्टचे नाव आणि रंगांचे क्रमांक मागून ई-मेलमध्ये जपून ठेवावेत. पुढच्या वर्षी फोन क्रमांक बदलला किंवा दुसरी शाखा निघाली, तर नवे डिझाइन करण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.